हसतमुख गुरू आणि आतला खलनायक: ॲनिमेतले हे पात्र आमच्या नाटकात कसे उभे करावे?

वर्धाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयातर्फे हिवाळ्यात मुलांचे नाटक होते आणि यंदा संहिता लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गावातली आठवी ते बारावीची मुले मोबाइलवर हिंदीत डब केलेले ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, आवडीने पाहतात. नाटक कशावर हवे असे विचारले, तेव्हा त्यांनी एकमुखाने सांगितले की खलनायक असा हवा, जो शेवटपर्यंत सगळ्यांचा लाडका गुरू वाटेल. ‘ब्लीच’मधला आयझेन, ‘प्रॉमिस्ड नेव्हरलँड’मधली इसाबेला, ‘नारुतो’मधला मिझुकी अशी नावे त्यांनी धडाधड सांगितली. त्यानंतर मी स्वतः या मालिका पाहिल्या आणि मुलांची निवड मला मनापासून पटली.

आमच्या नाटकातले ‘सर’ तालुक्याच्या गावाहून येतात आणि समाजमंदिरात फुकट अभ्यासिका चालवतात. पाचवीच्या मुलांकडून नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात, आठवीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतः भरतात, आणि ज्याच्या घरी संध्याकाळी वीज नसते त्याला चार्जिंगचा दिवा देतात. कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचे असेल तर गाडी काढतात. शेवटी उघड होते की अर्जाच्या कागदांमध्ये कोऱ्या इसारपावत्या (जमीन विक्रीचा सौदा ठरल्याचे कागद) सरकवून त्यांनी पालकांच्या सह्या घेतल्या आहेत, सातबाऱ्याच्या नकला जमवल्या आहेत, आणि नाल्याकाठची चांगली काळी वावरे एकेक करून दुसऱ्याच्या घशात घालायची तयारी केली आहे.

अडचण अशी आहे. पहिल्या खर्ड्यात सर अधूनमधून एकटे असताना कपाटाला कुलूप लावत आणि फोनवर दबक्या आवाजात बोलत. वाचनाच्या वेळी दहावीतल्या एका मुलीने दुसऱ्याच प्रवेशात विचारले, “हे सर चोर आहेत ना?” मग मी ते सगळे काढून टाकले, तर शेवट ऐकून मुले म्हणाली की हे कुठून आले, सर तर चांगले होते. म्हणजे खुणा ठेवल्या तर बिंग लवकर फुटते आणि काढल्या तर शेवट उपरा वाटतो. चांगल्या ॲनिमेत ही गोष्ट कशी साधली आहे, आणि हे रहस्य प्रेक्षकांपुढे नेमके केव्हा उघडावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

दुसऱ्यांदा पाहणारा यांचे उत्तर

वर्धाकाठ दादा, आपला प्रश्न मोलाचा आहे, कारण ही पात्रे मनात का राहतात याचे उत्तर त्यातच आहे. माझ्या मते कुलूप आणि दबका फोन काढून टाकले हे योग्यच झाले, कारण त्या चोराच्या खुणा होत्या. त्यांच्या जागी गुरूच्या खुणा यायला हव्यात, म्हणजे अशा गोष्टी, ज्या पहिल्यांदा पाहताना मायेच्या वाटतात आणि सत्य कळल्यावर त्याच गोष्टींचा हेतू वेगळा दिसू लागतो. कृती तीच राहते, फक्त तिचे कारण बदलते.

आयझेनचे उदाहरण घेऊ. टाइट कुबो यांचा ‘ब्लीच’ हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2001 ते 2016 या काळात चालला आणि त्याचा ॲनिमे 2004 मध्ये सुरू झाला. आयझेन मृतात्म्यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या योद्ध्यांच्या पाचव्या तुकडीचा कप्तान आहे. चष्मा, मऊ आवाज आणि प्रत्येकाशी आपुलकीने बोलण्याची रीत यांमुळे त्याची उपकप्तान हिनामोरी त्याला अक्षरशः देव मानते. एके दिवशी त्याचे प्रेत भिंतीवर उंच, तलवारीने खिळलेले सापडते. मागे ठेवलेल्या पत्रात तो संशयाची सुई हित्सुगाया या आणखी एका कप्तानाकडे वळवतो, आणि हिनामोरी आपल्या लहानपणापासूनच्या या सोबत्यावरच तलवार उपसते. पुढे आयझेन जिवंत समोर येतो, तिला जवळ घेतो आणि त्याच मिठीत तिच्या शरीरातून तलवार आरपार नेतो. केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते त्या प्रसंगात दिसते.

आता यातली रचना पाहा. आयझेनच्या तलवारीची खरी शक्ती संपूर्ण संमोहनाची आहे, पण ज्याने ती तलवार मुक्त होताना, म्हणजे तिची शक्ती जागी होताना, एकदा पाहिली आहे त्याच्यावरच ती चालते. म्हणून त्याने आधीच, आपल्या तलवारीची ओळख करून देण्याच्या निमित्ताने, सहकाऱ्यांना ती दाखवून ठेवलेली असते आणि तिची शक्ती भलतीच असल्याचे सांगितलेले असते. पाहणाऱ्यांना तो एका मोकळ्या मनाच्या वरिष्ठाचा दिलदारपणा वाटला होता. म्हणजे फसवणूक अंधारात, दाराआड झालीच नाही. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शिकवण्याच्या कृतीतच झाली. आपल्या सरांनीही कपाटाआड काही करू नये. त्यांनी जे करायचे ते भर अभ्यासिकेत, मुलांच्या कौतुकाच्या नजरेसमोर करावे.

याहून छोटे, पण तितकेच नेटके उदाहरण ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधल्या शाऊ टकर या किमयागाराचे आहे. एडवर्ड आणि अल्फोन्स या एल्रिक भावंडांना तो आपले ग्रंथालय खुले करून देतो, त्याची लहानगी मुलगी नीना आणि तिचा कुत्रा त्यांच्याशी खेळतात, आणि घर प्रेमळ वाटते. त्याचे नाव झाले ते मानवी भाषा बोलणारा संकरित प्राणी तयार केल्यामुळे, आणि त्याची बायको घर सोडून गेली तीही त्याच सुमारास, ही माहिती आपल्याला साध्या बोलण्याच्या ओघात मिळते. सरकारी किमयागार म्हणून त्याचे वार्षिक परीक्षण जवळ आले आहे, हेही आपण ऐकतो. दोन्ही तुकडे आपल्या हातात असतात, पण नीनाच्या हसण्याकडे पाहताना आपण ते जोडत नाही. एडवर्ड ते जोडतो तेव्हा उशीर झालेला असतो: टकरने आधी बायकोपासून आणि आता नीना व तिच्या कुत्र्यापासून तसा प्राणी बनवलेला असतो. प्रेक्षकापासून काहीही लपवलेले नसल्यामुळे तो भाग पाहून कुणी “हे कुठून आले” असे म्हणत नाही.

आपल्या नाटकात असे दोन तुकडे आहेतच. अर्जासोबतच्या कागदांची यादी पहिल्या अंकात एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. यादीत उत्पन्नाचा दाखला असावा, सातबारा नसावा. त्यानंतर सरांनी हसत हसत, “सातबाराही आणा रे, पुढेमागे लागला तर तुमच्या बाबांना तालुक्याला हेलपाटा नको,” असे म्हणावे. हे वाक्य ऐकून प्रेक्षकांतल्या शेतकऱ्याला बरेच वाटेल, कारण तो हेलपाटा त्याने स्वतः घातलेला आहे.

---

झाडीपट्टी पूर्वेकडची यांचे उत्तर

वरील उत्तरातला पहिला भाग मला मान्य आहे, परंतु रहस्य शेवटपर्यंत झाकून ठेवण्याचा जो रोख त्यात दिसतो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटके सुरू होतात, गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती) असला की रात्री नाटक ठरलेलेच असते, आणि ते रात्रभर चालते. थंडीत शाल पांघरून, मांडीवर झोपलेले लेकरू घेऊन बसलेला तो प्रेक्षक मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि त्याला शेवटच्या धक्क्यासाठी पहाटेपर्यंत थांबवण्यापेक्षा मध्यरात्रीच सगळे सांगून टाकले, तर तो जास्त ताठ होऊन बसतो. खलनायक कोण हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि नायिकेला ठाऊक नाही, अशा प्रवेशात मागून बाया तिला ओरडून सावध करतात. ते ओरडणे हीच नाटकाची खरी कमाई असते.

मुलांनी सांगितलेल्या नावांपैकी ‘प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ने हेच केले आहे. काइयू शिराई यांचे लेखन आणि पोसुका देमिझू यांची चित्रे असलेला हा मांगा 2016 ते 2020 या काळात प्रसिद्ध झाला आणि ॲनिमेचा पहिला हंगाम 2019 च्या जानेवारीत आला. ग्रेस फील्ड नावाच्या अनाथाश्रमात इसाबेला सर्वांची ‘मामा’, म्हणजे आई आहे. ती मुलांना कुशीत घेते, तिला प्रत्येकाची आवड माहीत असते आणि जेवणाचे टेबल नेहमी भरलेले असते. कॉनी नावाची सहा वर्षांची मुलगी दत्तक जायला निघते आणि तिचा कापडी ससा मागे राहतो. आश्रमातली मोठी मुले एमा आणि नॉर्मन तो द्यायला फाटकापर्यंत धावत जातात, तर गाडीत कॉनी मेलेली असते. आश्रमातली सगळी मुले राक्षसांच्या ताटासाठी वाढवली जात आहेत आणि मामाच त्यांची राखणदार आहे, हे दोघांना तिथे कळते. हा सगळा प्रकार पहिल्याच भागात होतो! निर्मात्यांनी आपला हुकमाचा पत्ता अगदी सुरुवातीलाच टाकला, आणि पुढचे सगळे भाग याच गोष्टीवर उभे राहिले की मुलांनी आता मामाला पाहून पूर्वीसारखेच हसायचे आहे, आणि मामाही त्यांना पाहून पूर्वीसारखीच हसते आहे.

एमाला काही कळले आहे का, याची चाचपणी करताना इसाबेला तिला जवळ घेते तो प्रसंग आपण पुन्हा पाहावा. आवाज चढत नाही, धमकी नाही, आणि तरीही आपला श्वास अडकतो, कारण त्या मायेचा अर्थ आपल्याला आता ठाऊक आहे. आयझेनचा धक्का एकदाच बसतो. इसाबेलाचे हसू मात्र प्रत्येक वेळी नव्याने घाबरवते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इसाबेलाने दिलेले खाणे, झोप, खेळ आणि शिकवण हे सगळे खरे आहे. मुलांना रोज परीक्षा द्यावी लागते, कारण तल्लख मेंदूला राक्षसांकडे सर्वांत जास्त भाव आहे. म्हणजे ती जितकी चांगली आई होईल, तितकी चांगली विक्रेती ठरते. ती स्वतःही अशाच आश्रमात वाढलेली आहे, पळून जाण्याची वाट तिनेही एकेकाळी शोधली होती, आणि त्या मुलांतला रे हा तिने जन्म दिलेला मुलगा आहे. तिची माया नाटकी नाही, म्हणूनच ती इतकी भयंकर आहे. आपले सरही खरोखर उत्तम शिकवणारे असले पाहिजेत. त्यांच्या हाताखालची एक मुलगी नवोदयला लागली पाहिजे. तिच्या निकालाच्या आनंदातच तिच्या बापाने पुढचा कागद न वाचता सही केली पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या अंकाच्या अखेरीस एका मुलाला इसारपावती दिसू द्या. ती त्याच दहावीच्या मुलीला दिसली, तर आणखी चांगले. पुढचे दोन अंक ती सरांपुढे बसून रोज गणिते सोडवते, आणि गावातले प्रेक्षक तिच्याकडे पाहत राहतात.

---

वर्धाकाठ यांचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सातबाऱ्याचे वाक्य मी तसेच घेणार आहे. ताईंची सूचना वाचल्यावर तर नाटकाचा सगळा भार सरांवरून उचलून त्या मुलीवर ठेवावा असे वाटू लागले आहे. फक्त एक शंका उरते. वाचनालयाच्या समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना काळजी वाटते की असे नाटक पाहून लहान मुले आपल्या खऱ्या शिक्षकांकडेही संशयाने पाहू लागतील. जिथे शाळेत शिक्षक टिकवणेच कठीण आहे, तिथे ही काळजी मी उडवून लावू शकत नाही.

---

चौथीची वर्गशिक्षिका यांचे उत्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे या शेवटच्या शंकेवर लिहिणे मला आवश्यक वाटते.

समितीतल्या ज्येष्ठांची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर मुलांनी सांगितलेल्या तिसऱ्या नावात आहे. ‘नारुतो’चा ॲनिमे 2002 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्याच भागात दोन शिक्षक शेजारी शेजारी उभे केले आहेत. नारुतो हा मुलगा निन्जांच्या शाळेच्या परीक्षेत नापास होतो. इरुका सर कडक आहेत, रागावतात, त्याला नापास करतात. मिझुकी सर गोड बोलतात, त्याच्या जवळ बसतात, इरुकांच्या वागण्याचा अर्थ समजावून सांगतात आणि मग उत्तीर्ण होण्याची एक गुप्त वाट दाखवतात: गावप्रमुखाकडची निषिद्ध गुंडाळी पळवून आणायची. पुढे जंगलात मिझुकीचे खरे रूप उघडे पडते, नारुतोच्या शरीरात कोंडलेल्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचे गुपित तो क्रूरपणे बोलून दाखवतो, आणि त्याने फेकलेले प्रचंड शस्त्र इरुका सर आपल्या पाठीवर झेलतात. ज्या मुलाने हे पाहिले, त्याचा शिक्षकांवरचा विश्वास उडत नाही, कारण खरा शिक्षक त्याच प्रसंगात त्याच्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या नाटकातही एक इरुका असू द्या. गावच्या शाळेतले जुने, तापट, वही तपासताना लाल शाईने पान भरून टाकणारे गुरुजी, ज्यांच्याकडून उठून मुले नव्या सरांकडे गेली आहेत, असे एक पात्र मला संहितेत नसल्याचे जाणवले.

मुलांना ओळखीची एखादी खूण द्यायची असेल, तर ती चेहऱ्यात किंवा आवाजात शोधू नये. ‘असॅसिनेशन क्लासरूम’मध्ये ताकाओका नावाचा व्यायाम शिक्षक 3-ई च्या वर्गासाठी महागडी मिठाई घेऊन येतो, मला वडील समजा, आपण एक कुटुंब आहोत असे सांगतो, आणि मग रात्रीपर्यंतच्या सरावाचे वेळापत्रक हातात ठेवतो. एक मुलगा म्हणतो की हे जमणार नाही, आणि त्याच क्षणी त्याला मार बसतो. मिठाई वाईट नव्हती. “नाही” म्हटल्यावर काय झाले, तिथे माणूस कळला. आपल्या नाटकात असा एक क्षण हवा, मात्र मारहाणीचा नको. एखाद्या बापाने “कागद घरी नेऊन पोरीकडून वाचून घेतो” म्हणावे, आणि सरांनी हसू जराही न ढळू देता, त्याच्या मुलीला पुढच्या रांगेतून उठवून मागे बसवावे. एवढे पुरे आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना रांगेतल्या जागेचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या चर्चेत सर्वांत जवळची वाटते. खलनायक उघडा पडल्यावर त्याने शिकवलेल्याचे काय होते? मिझुकीने ज्या गुंडाळीसाठी नारुतोला फसवले, तिच्यातूनच नारुतो छायाप्रतींची, म्हणजे स्वतःच्या अनेक प्रती उभ्या करण्याची, विद्या शिकतो, तिनेच मिझुकीला हरवतो, आणि पुढे आयुष्यभर तीच त्याची मुख्य विद्या राहते. फसवणारा गेला, विद्या मुलाची झाली. याउलट हिनामोरीचे पाहा. ती मरणाच्या दारातून परत येते आणि तरीही हित्सुगायाला विनवते की कप्तान आयझेनना वाचव, त्यांना कुणीतरी फसवले असेल. सत्य समोर असूनही तिच्या मनातला गुरू मरत नाही. काही जणांना तिचा हा प्रसंग दुबळेपणाचा वाटतो, मला तो अत्यंत खरा वाटतो. विश्वास टाकलेल्या माणसाने दगा दिला की मूल आधी त्याच्यावर रागावत नाही, आपले काय चुकले ते शोधत बसते.

आपल्या नवोदयला लागलेल्या मुलीपुढे शेवटी नेमका हाच पेच उभा राहील. सर खोटे, मग माझे गुणही खोटे का? नाटकात हा प्रश्न तिला विचारू द्या, आणि त्याचे उत्तर जुन्या तापट गुरुजींनी द्यावे: तिची उत्तरपत्रिका तिनेच लिहिली आहे. भाषण नको, एवढेच वाक्य.

---

दुसऱ्यांदा पाहणारा यांचे पुन्हा उत्तर

रहस्य लवकर उघडण्याबाबत झाडीपट्टीच्या ताईंचे म्हणणे मला पटले. गावातल्या रंगमंचासाठी ते जास्त योग्य आहे. कॅमेरा नसल्यामुळे चष्म्यावरची चमक किंवा डोळ्यांतला बदल मागच्या रांगेला दिसणार नाही. मुलगी पावती उचलते, वाचते आणि पुन्हा गठ्ठ्यात ठेवते, हे मात्र शेवटच्या माणसालाही दिसेल.

त्यात फक्त एक जोडावेसे वाटते. ‘हंटर एक्स हंटर’मध्ये टोंपा नावाचा जुना परीक्षार्थी नवख्यांना प्रेमाने माहिती देतो आणि पेय पाजतो, त्यात जुलाबाचे औषध असते. मालिकेचा नायक गोन एक घोट घेताच थुंकून टाकतो, कारण डोंगरात रानातली पाने चाखून वाढल्यामुळे त्याच्या जिभेला बिघडलेली चव कळते. तो फार हुशार असतो असे नाही. त्याच्याकडे त्याच्या मातीतले ज्ञान असते. आपल्या दहावीच्या मुलीलाही इसारपावती ओळखू यावी ती अशाच कारणाने, म्हणजे आजोबांच्या ट्रंकेत तसाच एक कागद तिने पाहिलेला असावा आणि त्या कागदामुळे घरचे कोणते वावर गेले हे तिला लहानपणापासून ऐकून माहीत असावे. मग योगायोगाने सापडले, असे कुणी म्हणणार नाही.

---

झाडीपट्टी पूर्वेकडची यांचे पुन्हा उत्तर

ट्रंकेतला कागद फार चांगला आहे, तो जरूर घ्यावा. आता पात्रनिवडीबद्दल एक विनंती करते. सरांची भूमिका दरवर्षी खलनायक करणाऱ्या, भारदस्त आवाजाच्या मुलाला देऊ नका. ज्याला गावात सगळे हाक मारून चहाला बसवतात, जो लहान पोरांना सायकल शिकवतो, अशा मुलाला द्या. त्याला खलनायकाचे हसू शिकवू नका, पार्श्वसंगीतही बदलू नका. शेवटच्या प्रवेशात पावत्यांचा गठ्ठा सगळ्यांसमोर पडला तरी त्याने पहिल्या प्रवेशातल्याच आवाजात, “बसा रे पोरांनो, आपण बोलू,” असे म्हणावे, आणि या वेळी एकही मूल खाली बसू नये.